घर आणि मूल : पाळणाघरातील आगीची कवायत

घरात मूल रांगू लागले की घराची मांडणी बदलते. काचेची भांडी वरच्या फळीवर जातात, औषधांच्या कपाटाला कुलूप लागते, जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी बसते. मुलाला ज्याच्यापासून अपाय होईल ते ते आपण त्याच्या हाताबाहेर नेऊन ठेवतो आणि ते योग्यच आहे. परंतु आग कोणत्याही फळीवर उचलून ठेवता येत नाही. ती गॅसच्या शेगडीत असते, भिंतीतून गेलेल्या विजेच्या तारांत असते, देवापुढच्या समईत असते, डासांसाठी लावलेल्या उदबत्तीच्या टोकाशी असते. अशा वेळी आगीपासून मूल दूर नेण्याची रीत शिकणे, हाच मार्ग उरतो. ती रीत वडीलधाऱ्यांनी शिकली पाहिजे आणि थोडी मुलांनीही.

हा लेख विशेषेकरून त्या भगिनींसाठी आहे, ज्या आपल्या राहत्या घरी इतरांची मुले सांभाळतात. आपल्या देशातील शहरांत अशा भगिनींची संख्या मोठी आहे. कोणी त्यांना ताई म्हणते, कोणी मावशी, कोणी काकू. २०१७ सालच्या कायदेदुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे सुरू झाली. तथापि असंख्य आया आजही सकाळी आपले मूल शेजारच्या इमारतीतील एखाद्या ताईंच्या हाती देऊन कामावर जातात. ही व्यवस्था विश्वासावर उभी असते. ताईंनी मुलांना वेळेवर जेवू घातले, झोपविले, त्यांच्याशी गोड बोलल्या की पालक निश्चिंत होतात. घराला आग लागली तर ही सहा मुले बाहेर कशी येतील, हा प्रश्न पालक सहसा विचारीत नाहीत आणि ताईही स्वतःला विचारीत नाहीत.

तो विचारला जात नाही म्हणून त्याचे उत्तर टळते असे नाही. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत माध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक चालला असता आग लागली. ती गवताच्या छपराला लागली आणि ९४ बालके दगावली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली या घटनेच्या अनुषंगाने असा निर्णय दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत आहे. त्याच वर्षी, ५ जून २००९ रोजी, मेक्सिको देशातील एर्मोसियो शहरात एका पाळणाघराला शेजारच्या गुदामातून आग लागली आणि ४९ बालके मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याची वाट इतकी अपुरी होती की एका मनुष्याने आपली मोटार भिंतीवर आदळून भगदाड पाडले. पहिल्या ठिकाणी आग स्वयंपाकाच्या जागेतून आली, दुसऱ्या ठिकाणी ती बाहेरून आली. दोन्हीकडे मुले लहान होती, पुष्कळ होती आणि बाहेर पडावयास वेळ थोडा होता. आपल्या घरातील पाळणाघर आकाराने लहान असले तरी या तीन गोष्टी तेथेही तशाच असतात.

आधी हिशेब, मग कवायत

कवायत म्हटली की रांगा, शिट्ट्या आणि पावलांचा ठेका डोळ्यांपुढे येतो. पाळणाघरातील कवायतीची सुरुवात मात्र त्यापूर्वीच, एका साध्या हिशेबाने होते.

समजा, एका ताईंकडे सहा मुले आहेत. तिघे तीन ते पाच वर्षांचे, एक दीड वर्षाचा, नुकताच चालू लागलेला, आणि दोन तान्ही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी ताई घरात एकट्या असतात. आता धूर दिसला. ताईंना हात दोन. एका हातात एक तान्हे, दुसऱ्या हातात दुसरे. मग दीड वर्षाच्या मुलाचा हात कोणी धरावयाचा? जिन्याचा कठडा कोणत्या हाताने धरावयाचा? दाराची कडी कोणी काढावयाची? “आधी तिघांना खाली सोडून येईन, मग तान्ह्यांना आणीन” असे मनात येते. परंतु ही दुसरी खेप गृहीत धरणे घातक आहे. घरातील आग काही मिनिटांतच खोली धुराने भरून टाकते आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाता येईलच असे नाही. शिवाय खाली सोडलेली तीन बालके एकटी रस्त्यावर उभी राहतील, याचीही शाश्वती नाही.

या हिशेबातून एक नियम निघतो आणि तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आहे : जितकी मुले आपल्याला एका खेपेत बाहेर नेता येतील तितकीच मुले एकटीने सांभाळावीत. न चालणारी दोन मुले आणि जिना, हे एकट्या बाईच्या हाताबाहेरचे काम आहे. अशा ताईंपुढे तीन वाटा आहेत. पाळणाघराच्या वेळेत आणखी एक प्रौढ व्यक्ती घरात असेल अशी व्यवस्था करावी. शेजारणीशी असे ठरवून घ्यावे की शिट्टी ऐकताच ती दारात येईल आणि एक तान्हे उचलील. अशी शेजारीण रोज घरी असणारी हवी आणि तिनेही कवायतीत भाग घेतला पाहिजे. दोन्ही जमत नसेल तर एकच तान्हे ठेवावे. एका मुलामागे महिन्याला मिळणारा पैसा घरखर्चाला किती उपयोगी पडतो, हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच हा नियम कठोर वाटतो. परंतु वाट अडली की तो पैसा कामास येत नाही, रिकामा हातच कामास येतो.

तान्ह्यांच्या बाबतीत आपल्या देशातील कष्टकरी स्त्रियांनी एक तोड केव्हाच काढली आहे. शेतावर जाणारी स्त्री मूल झोळीत घेते. ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशांतील स्त्रिया मूल पाठीशी कापडाने बांधून दिवसभर काम करतात. जुन्या मऊ लुगड्याची एक झोळी, खांद्यावरून घालता येईल अशी, आधीच पक्की गाठ मारून पाळण्याजवळच्या खुंटीवर टांगून ठेवावी. तान्हे तीत नीट बसते, त्याचे नाक-तोंड मोकळे राहते आणि आपला एक हात सुटा होतो, याची खात्री शांत वेळी पुनःपुन्हा करून पाहावी. आगीच्या वेळी प्रथमच झोळी बांधू पाहणे व्यर्थ होय.

घराची पाहणी

हिशेब जमला की घर पाहावे. एका सुटीच्या दिवशी, मुले नसताना, पाळणाघराच्या खोलीतून निघून रस्त्यापर्यंत चालत जावे. वाटेत काय काय आडवे येते ते टिपून ठेवावे. दाराची वरची कडी, जाळीच्या दाराचे कुलूप, उंबऱ्याशी काढलेल्या चपलांचा ढीग, जिन्यात ठेवलेली सायकल, कुंड्या, जुनी गादी. अलीकडे विजेवर चालणाऱ्या दुचाक्या पुष्कळ झाल्या आहेत आणि त्या बहुधा जिन्याखालीच भारित करावयास लावलेल्या असतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटरी भारित करणे, म्हणजे वाटेतच नवी शेगडी मांडण्यासारखे आहे. इमारतीतील मंडळींशी बोलून ती जागा बदलून घ्यावी.

मुले निसटून जाऊ नयेत म्हणून पुष्कळ घरांत दाराला आतून कुलूप घालतात. त्यामागील काळजी समजण्यासारखी आहे. परंतु किल्ली ताईंच्या पिशवीत, पिशवी स्वयंपाकघरात आणि आगही स्वयंपाकघरातच, असा प्रसंग आला तर? कुलपाऐवजी मुलांचा हात पोहोचणार नाही अशी वरची कडी असावी. कुलूप लावावेच लागत असेल तर किल्ली दाराशेजारीच उंच खिळ्याला असावी आणि तेथून ती कधीही हलवू नये.

घराला बाहेर पडण्याच्या दोन वाटा असाव्यात. बैठ्या घराला मागचे दार असते. तेथे पेट्या आणि पोती रचलेली असतील तर ती हलवावीत. आसामकडील बांबूच्या भिंतींच्या घरांत आणि झावळ्यांनी वा गवताने शाकारलेल्या घरांत आग पाहता पाहता पसरते. तेथे स्वयंपाकाची जागा आणि मुलांची खोली यांत जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवावे. मुंबईच्या चाळीत सामायिक गॅलरी आणि क्वचित दुसरा जिना असतो, त्याचा मार्ग मोकळा आहे ना ते पाहावे. शहरातील सदनिकांत बहुधा एकच दार असते. अशा ठिकाणी रस्त्याकडील एखाद्या खिडकीच्या लोखंडी जाळीला उघडणारी झडप असणे अगत्याचे आहे. उद्वाहनाचा उपयोग आगीच्या वेळी कदापि करू नये. ते मध्येच बंद पडते आणि त्याच्या मार्गातून धूर वर चढतो.

तान्ही मुले दारापासून सर्वांत दूरच्या शांत खोलीत निजवावीत, असा आपल्याकडे प्रघात आहे. पाळणाघरात तो बदलावा. जी मुले स्वतः चालू शकत नाहीत त्यांचे पाळणे दाराच्या सर्वांत जवळ हवेत आणि स्वयंपाकघरापासून दूर.

ताईंची एकट्याने तालीम

मुलांना काही शिकविण्यापूर्वी ताईंनी एकट्याने दोन-तीन वेळा तालीम करावी. तान्ह्याच्या वजनाइतकी तांदळाची पिशवी झोळीत घालावी, हजेरीची वही आणि मोबाइल उचलावा, दार उघडावे, जिना उतरावा आणि ठरलेल्या जागी पोहोचावे. घड्याळ लावून पाहावे. दोन मिनिटे हे आपले माप समजावे. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर दोष कोठे आहे ते शोधावे. बहुधा तो कडीत, किल्लीत किंवा जिन्यातील अडगळीत सापडतो, ताईंच्या पायांत नव्हे.

ठरलेली जागा म्हणजे घरापासून पुरेशी दूर, रहदारीच्या पलीकडे जावे न लागणारी, लहान मुलालाही ओळखता येईल अशी एक खूण. वडाचा पार, समोरचे मारुतीचे देऊळ, वसाहतीच्या फाटकाजवळचा नळ, काहीही चालेल. मात्र ती नेहमी एकच असावी.

मुलांची कवायत

आता मुलांकडे वळू. तीन वर्षांच्या मुलाला आगीचे शास्त्र समजत नाही आणि ते समजावण्याची गरजही नाही. त्याला खेळ समजतो, क्रम समजतो आणि रोजची सवय समजते. सर्व शिक्षण या तिन्हींच्या आधारे द्यावे.

आपल्या बालशिक्षणाच्या परंपरेत यासाठी एक तयार साधन आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. पुढे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाडीचे काम उभे केले. या कार्यामागे ज्या माँटेसोरी पद्धतीची प्रेरणा होती, तिच्यात एक शांतीचा खेळ आहे. मुले निश्चल बसतात, शिक्षिका दूर उभी राहून अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेते आणि ज्याचे नाव आले तो आवाज न करता तिच्याजवळ जातो. हा खेळ एकाग्रतेसाठी योजला गेला. परंतु नाव ऐकताच हातातले टाकून ताईंकडे येणे, गडबड न करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे तीनही गुण आगीच्या वेळी मुलाचा जीव वाचवितात. जेथे शांतीचा खेळ नित्य चालतो तेथे कवायतीचे अर्धे काम आधीच झालेले असते.

पहिला आठवडा : शिट्टी. एक विशिष्ट शिट्टी किंवा घंटा ठरवावी आणि ती अन्य कोणत्याही कामाला वापरू नये. ती वाजली की सर्वांनी हातातील खेळणे खाली ठेवून ताईंपाशी यावयाचे. पहिल्या दिवशी आधी सांगून वाजवावी, मुले आली की शाबासकी द्यावी. “आग, आग!” असे ओरडून मुलांना बोलावू नये, घाबरलेले मूल ताईंकडे येण्याऐवजी कोपरा शोधते.

दुसरा आठवडा : दोरी. एक जाड सुती दोरी घेऊन तिला हातभर अंतरावर गाठी माराव्यात. प्रत्येक मुलाची एक गाठ. सर्वांत लहान चालणारे मूल ताईंच्या लगत, सर्वांत जाणते मूल शेवटी. आगगाडीचा खेळ कोणत्याही प्रांतातील मुलाला शिकवावा लागत नाही. या गाडीचे अंतिम स्थानक म्हणजे तो वडाचा पार. रोज फिरावयास जाताना हीच दोरी वापरली की निराळ्या सरावाची गरज उरत नाही. जिन्यात मात्र दोरी सोडून कठडा धरावयास शिकवावे. एकाचा पाय घसरला तर दोरीबरोबर बाकीचेही ओढले जातात.

तिसरा आठवडा : रांगणे. धूर वर चढतो आणि आधी छताशी साचतो. जमिनीलगतची हवा काही काळ श्वास घेण्याजोगी राहते. आगीत होणारे पुष्कळसे मृत्यू ज्वाळेने नव्हे, तर धुराने होतात, आणि मुलांचा श्वास प्रौढांहून जलद चालत असल्याने विषारी वायू त्यांच्या शरीरात लवकर जातो. यासाठी दोन मोठ्यांनी एक चादर कमरेइतक्या उंचीवर आडवी धरावी आणि मुलांनी चादरीला डोके न लावता मांजरासारखे तिच्याखालून दाराकडे जावे. “चादर म्हणजे धूर; धुराला डोके लावावयाचे नाही,” एवढे एकच वाक्य पुरेसे आहे.

चौथा आठवडा : थांबणे आणि लोळणे. कपड्यांना आग लागली असता पळाल्याने ती भडकते. तेव्हा जागीच थांबावयाचे, जमिनीवर आडवे व्हावयाचे, हातांनी तोंड झाकावयाचे आणि इकडून तिकडे लोळावयाचे. हे चार वर्षांवरील मुलांना शिकवावे आणि कापडाचा एक लाल तुकडा सदऱ्याला टाचून दाखवावे, म्हणजे ‘कपडे पेटले तरच लोळावयाचे’ हे ध्यानात राहते. अन्यथा काही मुले शिट्टी ऐकताच लोळू लागतात आणि वाट अडवितात. त्याहून लहान मुलाच्या बाबतीत हे काम ताईंचेच आहे. त्याला खाली आडवे करून जाड सुती चादरीत वा घोंगडीत गुंडाळावे.

महिनाभराने हे चारही तुकडे जोडून एक पूर्ण कवायत होते. त्यानंतर महिन्यातून एकदा ती केली की पुरे. मात्र दर वेळी निराळा प्रसंग निवडावा. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा पावसात, एकदा पुढचे दार बंद आहे असे समजून. दुपारच्या झोपेतील कवायत सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक असते. लहान मुले गाढ निजलेली असता कर्कश गजरानेही जागी होतातच असे नाही; धूर ओळखणाऱ्या यंत्राचा गजर ताईंसाठी आहे, मुलांना मात्र हातानेच उठवावे लागते. असे यंत्र मिळत असेल तर अवश्य बसवावे, परंतु त्याने ताईंचे काम संपत नाही.

भीतीविषयी

काही पालक म्हणतात, “एवढ्या लहान वयात आगीचा विषय कशाला? मुले रात्री दचकून उठतील.” ही शंका रास्त आहे. अनपेक्षित आरडाओरड, खोटा धूर, खोटे रडणे यांनी मुले खरोखरच भितात आणि असले प्रयोग कोणी करू नयेत. कवायतीपूर्वी मुलांना सांगावे, कवायतीत ताईंचा आवाज नेहमीसारखा असावा आणि कवायतीनंतर सर्वांना पाणी व गुळाचा खडा देऊन पुन्हा खेळावयास बसवावे. एखादे मूल रडले तर त्याला दोरीत न जुंपता त्या दिवशी ताईंच्या कडेवर राहू द्यावे. भीती अज्ञानात वाढते. काय करावयाचे ते ज्याला ठाऊक आहे, ते मूल निर्धास्त असते. आपण मुलाला रस्ता ओलांडताना हात धरावयास शिकवितो, तेव्हा अपघाताची वर्णने करीत नाही. येथेही तसेच आहे.

भ्यालेले मूल पलंगाखाली, कपाटात किंवा पडद्याआड लपते. म्हणून मुलांना वारंवार सांगावे की लपणे हा निराळा खेळ आहे आणि शिट्टी वाजली की लपलेल्यानेही बाहेर यावयाचे. लपंडाव चालू असताना मुद्दाम शिट्टी वाजवून हा धडा पक्का करावा. घरातील लपण्याच्या जागा ताईंना पाठ असाव्यात.

मुखवटा घातलेला अग्निशामक जवानही लहान मुलाला भयंकर वाटतो, आणि मूल त्याच्यापासूनच लपते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत आग विझविताना अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो. त्या सुमारास जवळच्या अग्निशमन केंद्रात विनंती करून मुलांना बंब दाखवावा. जवानाने मुलांसमोर मुखवटा चढवून दाखविला की त्यामागचा चेहरा माणसाचाच आहे हे त्यांना उमजते.

बहिऱ्या मुलाला शिट्टी ऐकू येत नाही. त्याच्यासाठी खांद्यावरील थाप किंवा दिव्याची उघडझाप ही खूण ठरवावी. ज्याला चालता येत नाही ते मूल कितीही मोठे असो, वरील हिशेबात ते तान्ह्यांबरोबर धरावे.

प्रत्यक्ष प्रसंगी

धूर वा ज्वाळा दिसताच आग विझविण्याच्या मागे न लागता प्रथम मुलांना बाहेर काढावे. कढईतील तेल पेटले आणि हाताशी झाकण असेल तर गॅस बंद करून झाकण ठेवावे, त्यावर पाणी कधीही ओतू नये. तेवढ्याने भागले नाही तर लगेच शिट्टी. निघताना मागील दारे ओढून घ्यावीत, म्हणजे आग पसरावयास उशीर लागतो. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. ते तापलेले असेल तर ते उघडू नये, दुसऱ्या वाटेने जावे. दोन्ही वाटा बंद असतील तर रस्त्याकडील खोलीत सर्वांना घेऊन दार लावावे, दाराखालील फटीत ओली कापडे कोंबावीत आणि खिडकीतून भडक रंगाचे कापड हालवून हाक द्यावी.

बाहेर पोहोचल्यावर आधी मुले मोजावीत, मग १०१ किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. पत्ता, मजला आणि आत कोणी राहिले असल्यास ते स्पष्ट सांगावे. कोणत्याही कारणाने पुन्हा आत जाऊ नये. एखादे मूल कमी भरले तर ते बहुधा कोठे असेल, हे जवानांना सांगावे. ताई आत अडकल्या तर बाहेरच्या पाच मुलांना कोणी उरत नाही.

गॅसच्या वासाची गोष्ट निराळी आहे. धूर वर जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, जेथे आपली मुले रांगत असतात. तेव्हा अशा वेळी रांगवू नये, मुलांना उचलून वा चालवीत बाहेर न्यावे. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये. जाता जाता शक्य असेल तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे.

मूल भाजले असेल तर भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे आणि बाकीचे अंग उबदार राखावे. हळद, शाई, दातांची पेस्ट, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. लहान मुलाची त्वचा पातळ असते आणि भाजण्याची खोली वरून कळत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखविणे टाळू नये.

वही आणि पालक

प्रत्येक पाळणाघरात एक लहान वही असावी. पहिल्या पानांवर रोजची हजेरी : कोण आले, कोण गेले. मुले मोजावयाची तर किती मोजावयाची, हे आधी ठाऊक हवे ना? पालकांचे दूरध्वनी क्रमांकही तेथेच असावेत. मागील पानांवर कवायतीची नोंद : तारीख, वेळ, किती मुले, किती मिनिटे आणि काय अडचण आली. ‘कडी घट्ट आहे’, ‘शेजारच्या काकूंना शिट्टी ऐकू आली नाही’, ‘एक मूल चपलेसाठी मागे वळले’ अशा ओळी त्या वहीत येतील. पुढील महिन्यापूर्वी त्या त्या अडचणीचा बंदोबस्त व्हावा. चपलेचा प्रश्न तर सर्व घरांतील आहे : शिट्टीला अनवाणीच निघावयाचे, ही सवय मुद्दाम लावावी लागते.

पालकांनीही मूल ताईंच्या हाती देताना तीन प्रश्न विचारावेत. बाहेर पडण्याच्या वाटा किती? एकत्र जमण्याची जागा कोणती? मागची कवायत केव्हा झाली? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. ज्या ताईंनी ही तयारी केली असेल त्यांना ती सांगावयास आनंदच वाटेल, आणि ज्यांनी केली नसेल त्यांना दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचा खर्च पालकांनी थोडा थोडा वाटून घेण्याची तयारी दाखविली तर ती करता येईल. सुरक्षितता हवी, परंतु तिचा सारा भार ताईंनीच एकटीने उचलावा, अशी अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही. घरीही हीच शिट्टी, हाच क्रम आणि हेच शब्द ठेवावेत. मूल दोन घरांत राहते, त्याला दोन निरनिराळे नियम शिकावयास लावू नये.

हे सर्व वाचून काम मोठे वाटेल. प्रत्यक्षात लागते ते इतके : एक शिट्टी, गाठी मारलेली दोरी, जुन्या लुगड्याची झोळी, एक वही आणि महिन्यातील दहा मिनिटे. येत्या रविवारी, घर शांत असताना, पाळण्यापासून वडाच्या पारापर्यंतची ती वाट एकदा घड्याळ हातात घेऊन चालून पाहावी आणि जे पहिले अडखळण सापडेल ते त्याच दिवशी दूर करावे.